तुमचे प्रश्न : घरची सीएनसी करताय? आधी काय कापायचंय ते सांगा

मागच्या अंकात आपण एक छोटासा मजकूर छापला होता, की आर्डुइनो हा छोटा कंट्रोल बोर्ड, तीन स्टेपर (मोजक्या पावलांनी फिरणाऱ्या) मोटर आणि सुताराकडे असतो तसला, फिरत्या बिटने लाकूड कोरणारा ट्रिमर एवढ्यावर घरगुती सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांवर चालणारं कोरीव मशीन, उभं राहतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यालाच देतोय. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात ते घेतलेत.

प्रश्न : सर, मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोथरूडला राहतो. मला ३ फूट बाय २ फूट कापता येईल असं मशीन करायचंय, लाकूड, ॲक्रिलिक आणि थोडं ॲल्युमिनियम. नेमा २३ (२.३ इंच चौकोनी तोंडाची) मोटर घ्यायचं नक्की केलंय आणि रॉड १२ मिमीचे गोल. बजेट फार नाही, कुठे वाचवू?

उत्तर : अरे, तू मोटर आधी ठरवलीस आणि चौकट नंतर, इथेच थांब जरा. मीही हेच केलं होतं म्हणून सांगतोय. भोसरीत टूलरूमला होतो तेव्हा गच्चीवरच्या खोलीत पहिलं मशीन केलं, ९०० मिमी लांब आणि १२ मिमी जाडीचे दोन गोल रॉड, दोन्ही टोकांना पकडलेले आणि मधे मोकळे, त्यावर ट्रिमर लटकवलेला. मोटर मात्र मोठ्या, हौसेने घेतलेल्या. पहिली पाटी कोरली तर मधली अक्षरं खोल आणि कडेची उथळ. मला वाटलं लाकूडच वाकडं आहे, दोन दिवस रंधा मारत बसलो. शेवटी डायल (बारीक हालचाल मोजणारा घड्याळासारखा काटा) लावून बघितलं तर ट्रिमरच्या नुसत्या वजनाने रॉडला मधोमध अर्धा मिलिमीटर तरी झोळ पडलेला, अजून कापायला सुरुवातही नव्हती!

तुम्हाला स्ट्रेंथच्या विषयात शिकवलेलंच आहे, फक्त ते पेपरपुरतं ठेवू नकोस. रॉडची लांबी दुप्पट केली की वाक आठपट होतो आणि जाडी दुप्पट केली की वाक सोळावा हिस्सा राहतो. ८ मिमीचा ३०० मिमी लांबीचा रॉड दोन टोकांवर टेकवून मधे १ किलोचा भार दिला तर साधारण ०.१४ मिमी वाकतो, तोच ६०० मिमीचा घेतला तर १.१ मिमी, आणि ३०० मिमीतच १६ मिमीचा घेतला तर ०.०१ मिमीच्याही आत. कापताना बिटवर येणारा रेटा काही किलोंमध्ये असतो, म्हणजे तुझ्या ३ फुटी बेताचं काय होईल ते तूच मांडून बघ.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पैसे वाचवायचे तर मशीन लहान कर, पातळ करू नकोस. कापायची जागा एक फूट बाय एक फूट ठेव. तेवढ्यात नावाची पाटी, घड्याळाची चकती, ॲक्रिलिकचे भाग सगळं होतं, आणि लहान मशीनला सगळंच लहान लागतं, रेल, स्क्रू, टेबलावरची जागा, वायरसुद्धा. गोल रॉड घ्यायचेच तर खालून पूर्ण लांबीला आधार असलेले १६ मिमीचे घे, जमलं तर १५ मिमीच्या चौकोनी रेल घे. चौकटीला १८ मिमीचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय चालतो, त्याची आत आडव्या-उभ्या पट्ट्या घालून बंद पेटी करायची, चहूबाजूंनी गोंद आणि स्क्रू. उघडी फळी पिळली जाते, बंद पेटी सहसा पिळली जात नाही. प्लाय भवानी पेठेत टिंबर मार्केटला बघ, कापून पण देतात. लोखंडी स्क्वेअर पाइप आवडत असेल तर तोही उत्तम, फक्त वेल्डिंगने ओढला जातो हे धरून चाल, नाहीतर नटबोल्टने जोड. प्रिंटएनसी नावाचं एक ओपन डिझाइन आहे ते असंच स्टीलच्या पाइपवर उभं आहे, बनवलं नाहीस तरी चालेल पण ड्रॉइंग नीट अभ्यास, पाइपवर रेल कशी बसवलीय तेवढं बघितलंस तरी खूप शिकशील.

अजून एक, गॅन्ट्री, म्हणजे ट्रिमर धरणारी कमान, उगाच उंच नको. बिटच्या टोकापासून गॅन्ट्रीच्या आडव्या तुळईपर्यंतचं अंतर म्हणजे तरफेचा दांडा, तो जितका लांब तितकं सगळं डुलणार. तुला १८ मिमीचं लाकूड कापायचंय ना, मग खाली ६० मिमी मोकळी जागा पुष्कळ झाली, १५० कशाला?

आणि मोटर नेमा १७ (१.७ इंची, लहान) पुरते. ०.४ न्यूटन-मीटरची साधी मोटर ८ मिमी लीडच्या (एका वळणात ८ मिमी पुढे नेणाऱ्या) टी-८ स्क्रूवर लावली तर घर्षणात निम्मी ताकद गेली तरी हळू वेगात दहा-बारा किलोचा रेटा देते, एवढ्याने तुझं आत्ताच्या बेतातलं मशीनच वाकेल, मोटर कमी पडणार नाही. दहा रुपये असतील तर पाच चौकट, रेल आणि स्क्रूवर घाल, दोन मोटर, ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड) आणि सप्लायवर, दोन ट्रिमर आणि बिटवर, आणि एक धूळ ओढायला नि गॉगलला बाजूला ठेव. मोटर, ड्रायव्हर, २४ व्होल्टचा सप्लाय हे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरून घे, हातात घेऊन बघता येतं. डायल इंडिकेटर जुना बाजारला रविवारी किंवा बुधवारी मिळाला तर बघ, पण काटा सोडल्यावर शून्यावर परत येतोय का हे तिथेच चार-पाच वेळा दाबून तपास.

चौकट झाली की मोटर लावायच्या आधी एक परीक्षा घे. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा असतो ना, तो कोलेटला (बिट पकडणाऱ्या तोंडाला) अडकवून २ किलोने ओढ आणि दुसऱ्या बाजूने डायल लाव. लाकडासाठी ०.१ मिमीच्या आत हललं तर पुढे जा. जास्त हललं तर कुठे हलतंय ते शोध, डायल एकेक जोडावर सरकवत ने, दोषी जोड सापडतोच.

ॲल्युमिनियम या मशीनवर होईल, पण एका धारेची ३ मिमीच्या आसपासची कार्बाइड बिट, एका फेरीत ०.१ ते ०.२ मिमी खोली, आणि चिप (कापलेली कपची) सतत फुंकून बाहेर काढायची, नाहीतर तीच परत परत कापली जाते आणि बिटला चिकटून बसते. माल ६०६१ किंवा ६०८२ ग्रेडचा घे, भंगारातला मऊ पत्रा नको, तो चिकटतोच.

प्रश्न : नमस्कार. मी सदाशिव पेठेत राहते, घरून नावाच्या पाट्या आणि गणपतीची मखरं करते, आत्तापर्यंत हाताने आणि जिगसॉने. थर्मोकोल बंद झाल्यापासून एमडीएफ आणि सनबोर्डची मागणी वाढलीय. लेझर घ्यावा की सीएनसी? आणि मराठी अक्षरं मशीनवर नीट येतात का, एका ठिकाणी करून घेतली तर शिरोरेघ तुटक आली.

उत्तर : ताई, तुमच्या कामाला सीएनसी घ्या, आणि त्याचं मोठं कारण तो सनबोर्डच आहे. दुकानात सनबोर्ड म्हणून मिळतो तो बहुतेक पीव्हीसीचा फोमशीट असतो, आणि पीव्हीसी लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो फुप्फुसांना वाईट आणि मशीनचं लोखंडही खातो. घरात तर अजिबात नाही. फिरत्या बिटने तोच सनबोर्ड लोण्यासारखा कापला जातो. लेझरने एमडीएफच्या कडा काळ्या पण होतात, त्या रंगवायच्या आधी घासत बसावं लागतं.

आता अक्षरांचं. तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं कारण याबद्दल कुठे लिहिलेलं सापडत नाही, सगळी उदाहरणं इंग्रजी अक्षरांची असतात आणि आपली माणसं मग मराठी पाटी बिघडली की मशीनला नावं ठेवतात. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेघेचा आपापला तुकडा असतो आणि शेजारच्या अक्षराच्या तुकड्यावर तो थोडा चढलेला असतो, म्हणून स्क्रीनवर एक सलग रेघ दिसते. पण तुम्ही मजकुराचं पाथमध्ये (नुसत्या कडेच्या रेषांमध्ये) रूपांतर केलं की ते सगळे तुकडे वेगवेगळ्या बंद आकृत्या होतात, आणि मशीनला प्रत्येक आकृतीची कड दिसते. मग जिथे जोड आहे तिथे रेघेच्या आतून उभं कापून जातं, किंवा तेवढा तुकडा कोरायचाच राहतो, तुमची तुटक रेघ बहुधा तीच. उपाय साधा आहे, इंकस्केप या ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये पाथ केल्यावर आधी ग्रुप सोडवायचे, सगळी अक्षरं निवडायची आणि युनियन करायचं (म्हणजे सगळ्यांची एक आकृती होते), मग जी-कोड, म्हणजे मशीनला हालचाली सांगणारी फाइल, काढायचा. मात्रा, रफार, अनुस्वार एकेक तपासा, रफार पुष्कळदा रेघेला केसभर टेकलेला असतो. आरपार कापायची अक्षरं असतील तर ‘ब’, ‘व’, ‘म’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे दोन मिलिमीटरचा पूल ठेवायला विसरू नका.

कोरायला व्ही बिट वापराल. ९० अंशाच्या बिटने जितकी खोली त्याच्या दुप्पट रुंदी येते, म्हणजे फळी एका बाजूला अर्धा मिलिमीटर वर असेल तर रेघ तिथे १ मिलिमीटरने जाड होते आणि शिरोरेघ तर पाटीभर आडवी जाते, त्यामुळे डोळ्याला लगेच खुपतं. ६० अंशाची बिट घेतलीत तर हाच फरक ०.६ मिमीच्या आत राहतो. आणि मशीनच्या टेबलावर एमडीएफचा एक बळीचा थर (बिट लागून खराब झाला तरी चालेल असा) टाका, त्याच मशीनने रुंद बिट फिरवून तो सपाट करून घ्या, म्हणजे टेबल आणि बिटचा प्रवास एकमेकांना समांतर होतो. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, तेव्हा गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी परत एकदा फिरवा, मी दरवर्षी करतो.

एमडीएफची धूळ फार बारीक असते, नाकात दिसत नाही पण छातीत जाते. ट्रिमरच्या तोंडाशी व्हॅक्यूमची नळी बांधा आणि एन-९५ मास्क लावा, ओढणी किंवा पदर बांधूनच मशीनजवळ जा.

प्रश्न : मी भोसरी एमआयडीसीत व्हीएमसीवर (कारखान्यातलं उभ्या स्पिंडलचं मोठं सीएनसी मशीन) ऑपरेटर आहे. घरी असं मशीन केलं तर १०-२० मायक्रॉनची (०.०१-०.०२ मिमी) अचूकता मिळेल का? मिळत नसेल तर मग करायचं कशाला?

उत्तर : दादा, नाही मिळणार. तुमच्या व्हीएमसीचा नुसता बेड आणि कॉलम काही टन ओतीव लोखंडाचा आहे, तिथे बॉलस्क्रू आणि सर्वो आहे, सर्वो आपण कुठे आहोत ते सतत मोजत असतो. इथली स्टेपर मोटर मोजत नाही, तिला शंभर पावलं सांगितली की तिने टाकली असं आपण धरून चालतो. नीट जुळवलेल्या फूटभराच्या मशीनवर लाकडात ०.१ मिमी धरा, खूप मेहनतीने त्याच्या निम्मं.

पण कशाला करायचं म्हणाल तर त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. कंपनीत तुम्ही प्रोग्राम लावता, ऑफसेट घेता, पण मशीनच्या आत हात घालायला मिळत नाही. १९५२ साली एमआयटीने पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं तेव्हा कंट्रोलची कपाटं मशीनपेक्षा मोठी होती. आज जीआरबीएल नावाचा प्रोग्राम, २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरूद यांनी लिहिला आणि मोफत दिला, तो ३२ किलोबाइटच्या चिपवर बसतो आणि तुम्ही रोज वापरता तोच जी-कोड वाचतो. जी शून्य एक (सरळ रेषेत जा) म्हटल्यावर आत काय घडतं हे घरच्या मशीनवर उघडं दिसतं. आणि खरं सांगू, तुमच्यासारख्यांची इथे फार गरज आहे. नवीन पोरांना वायरिंग येतं, डायल लावता येत नाही. स्पिंडलला आडवा दांडा बांधून त्याला डायल लावायचा आणि टेबलावर गोल फिरवून ट्रिमर काटकोनात आहे का बघायचं, हे तुम्ही दहा मिनिटांत कराल. सोसायटीतल्या एखाद्या पोराचं मशीन जुळवून द्या.

प्रश्न : हडपसर. माझं मशीन तयार झालं, नेमा १७, ए४९८८ ड्रायव्हर, टी-८ स्क्रू. पहिली १५-२० मिनिटं छान चालतं आणि मग एकदम डिझाइन ३-४ मिमी बाजूला सरकतं. कधी एक्स कधी वाय. तीन फळ्या वाया गेल्या. बोर्ड बदलू का?

उत्तर : बोर्ड बदलू नका अजून, आणि फळ्या पण वाया घालवू नका. ट्रिमर काढा, तिथे पेन बांधा आणि तोच जॉब कागदावर चालवा, पूर्ण अर्धा तास. पेननेही सरकलं तर कापण्याचा काही संबंध नाही, दोष वीज किंवा सेटिंगमध्ये आहे. पेनने बरोबर आलं आणि बिटनेच सरकत असेल तर तुम्ही एका फेरीत फार खोल घेताय किंवा बिट बोथट आहे.

पंधरा मिनिटांनी होतंय यावरून मला पहिला संशय उष्णतेचा आहे. ए४९८८ला हीटसिंक आणि पंखा नसेल तर मोटरच्या एकेका कॉइलमागे १ ॲम्पियरच्या आसपासच झेपतो, त्याच्यावर गेलं की चिप स्वतःला वाचवायला क्षणभर बंद पडते आणि तेवढ्यात पावलं चुकतात. तो छोटा स्क्रू फिरवून करंट थोडा कमी करा, हीटसिंक चिकटवा आणि वरून पंखा सोडा. करंट बदलताना एक काळजी, सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू-घालू नका, ड्रायव्हर जागच्या जागी जातो, मी दोन घालवलेत.

दुसरं, कपलिंग, म्हणजे मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा. मोटरचा शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावर मार्करने एक सरळ रेघ ओढा, जॉब झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बारीक ग्रब स्क्रू घसरतोय. शाफ्टला कानशीने छोटा सपाट घास देऊन परत घट्ट करा.

तिसरं, वेग आणि प्रवेग. तुमच्या स्क्रूला मोटरच्या एका फेऱ्याची २०० पावलं गुणिले १६ (ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे करतो ते भाग) भागिले ८ मिमी लीड, म्हणजे १ मिमीला ४०० पावलं. आर्डुइनोवरचं जीआरबीएल सेकंदाला साधारण ३० हजार पावलं टाकू शकतं, म्हणजे मिनिटाला ४५०० मिमी हिशोबाने निघतं, पण मोटरची ताकद वेगाबरोबर उतरत जाते, ती त्याच्या खूप आधी दम सोडते. वेग मिनिटाला १२०० मिमीवर आणा, प्रवेग निम्मा करा आणि बघा. हळूहळू वाढवत न्या, जिथे चुकेल त्याच्या दोन-तृतीयांशावर कायमचं ठेवा.

आणि शेवटी ट्रिमर. त्याच्यात कार्बन ब्रश असतात, ठिणग्या पडतात, तो कल्लोळ वायरींमध्ये शिरतो. मधेच यूएसबी तुटत असेल किंवा लिमिट स्विच (प्रवासाच्या टोकाला बसवलेला स्विच) न दाबता अलार्म येत असेल तर हेच. ट्रिमरची वायर वेगळ्या बाजूने न्या, लिमिटच्या वायरी शील्डवाल्या घ्या, चौकटीला अर्थिंग करा. तुम्ही कधी एक्स कधी वाय म्हणताय, म्हणून पंखा पहिला लावा, ड्रायव्हर शेजारी शेजारीच असतात आणि दोघेही तापतात.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, तिला हे करायचंय. आम्ही सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये राहतो. बनवायला घेऊ की तयार किट आणू? आवाज, लाइट जाणं, सुरक्षितता, सगळीच काळजी वाटते.

उत्तर : किट आणा. ३०१८ नावाने मिळतं, म्हणजे ३०० बाय १८० मिमीची जागा, त्याला ट्रिमर नसतो, २४ व्होल्टची छोटी डीसी मोटर असते, आवाज खूपच कमी. ते लवचिक आहे, ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका, पण एमडीएफवर आणि मऊ लाकडावर तिला सगळं शिकता येईल, आणि सहा महिन्यांनी तीच तुम्हाला सांगेल की बाबा हे इथे वाकतंय, तेव्हा दुसरं बनवायला घ्या. जोडणी मात्र तिलाच करू द्या, तुम्ही फक्त पाना धरा. चौकट जोडली की आधी दोन्ही कर्ण मोजायला लावा, सारखे आले की काटकोन बरोबर.

नियम तीनच ठेवा पण रोज पाळा. गॉगल घातल्याशिवाय स्विच नाही. केस बांधलेले, हातमोजे अजिबात नाहीत कारण मोजा फिरत्या बिटमध्ये ओढला जातो आणि त्याच्याबरोबर हात. आणि मशीन चालू असताना खोलीत मोठं माणूस. मेन सप्लायलाच लाल दट्ट्याचा इमर्जन्सी स्विच बसवा, म्हणजे मोटर आणि स्पिंडल एकदमच बंद होतात, आणि तो तिच्या हाताला येईल असा समोर हवा, मशीनच्या मागे नाही. मशीनखाली जाड रबराचा मॅट टाकला की खालच्या मजल्यावर घरघर जात नाही, आणि दुपारी एक ते चार चालवू नका, शेजारी झोपलेले असतात.

लाइटचं म्हणाल तर आपल्याकडे गुरुवारी जायची सवय आहेच, लांब जॉब गुरुवारी लावू नका. तरी मधे गेलीच तर लिमिट स्विच बसवून होमिंग (मशीनने त्या स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ओळखणं) चालू केलेलं असेल तर काम वाचतं. जीआरबीएल जॉबचा शून्यबिंदू चिपमध्ये लक्षात ठेवतं, वीज आल्यावर होमिंग केलं की मशीनला स्वतःची जागा सापडते आणि जिथे थांबलं त्याच्या थोडं आधीच्या ओळीपासून परत सुरू करता येतं. फक्त ते लाकूड तोपर्यंत टेबलावरून काढू नका, आणि स्पिंडल आधी चालू करून मगच बिट खाली न्या. ओळ शोधायला तिला जी-कोडची फाइल उघडून वाचावी लागेल, एक्स-वायचे आकडे लाकडावर पट्टीने मोजून जुळवायला सांगा.